एंगेज टोनची रात्रपाळी

पुणे-सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचन मागे पडलं की यवतच्या अलीकडे कासुर्डी लागतं. ट्रकवाल्यांना आणि एसटीच्या प्रवाशांना हे गाव टोलनाक्याच्या नावानं माहीत. तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून यवतला निघते ती याच रस्त्यानं. खडकवासल्याच्या धरणाचं पाणी नव्या मुठा उजव्या कालव्यानं दौंड तालुक्यात आलं आणि त्यामागून ऊस आला. उसामागून गुऱ्हाळं आली आणि गुऱ्हाळांमागून त्यांचे चरक दुरुस्त करणारी वर्कशॉपं. त्यातल्याच एका वर्कशॉपच्या ऑफिसातल्या टेलिफोनची ही हकिगत. मालकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, तेव्हा ते छापत नाही. हकिगतीत नाव घेण्याजोगं गैर असं काही घडलेलंही नाही.

गुऱ्हाळ एकदा पेटलं की मध्येच थांबवणं परवडत नाही. काहिलीत रस उकळत असतो, चुलवाणात चिपाड पडत असतं आणि पुढच्या आदणाचा रस मागून यायलाच हवा असतो. अशा वेळी चरकाची लाट अडकली किंवा बेअरिंग गेलं तर गुळव्या हात बांधून बसतो आणि तोडून आणलेला ऊस तिथंच वाळायला लागतो. हे दुपारी होतं तसं रात्री दोनलाही होतं. मग गुऱ्हाळवाला चरकाच्या सांगाड्यावर रिव्हेट मारलेली पत्र्याची पाटी मोबाइलच्या उजेडात वाचतो आणि तिच्यावरचा नंबर फिरवतो. तो नंबर लँडलाइनचा. मालकांचे मोबाइल मधल्या काळात बदलले, पण पाट्या गावोगाव जाऊन कोण बदलणार? म्हणून ऑफिसात लँडलाइन राहिली, तिच्यामागे भिंतीवर ईपीएबीएक्सचा, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजचा, डबा राहिला आणि डब्यात व्हॉइसमेलचं कार्ड राहिलं. रात्री ऑफिसात कोणी नसतं. कार्ड फोन उचलतं, मालकांच्या आवाजातला निरोप ऐकवतं, टूं वाजवतं आणि समोरचा जे बोलेल ते साठवतं. पहाटे मिस्त्री आला की आधी निरोप ऐकतो आणि कोणतं सामान घेऊन कोणत्या गावाला जायचं ते ठरवतो.

एके सकाळी राहू गावाकडचे एक गुऱ्हाळवाले स्वतःच दारात उभे राहिले. रात्रभर फोन लावत होते. आधी मशीन म्हणालं की निरोपासाठी जागा शिल्लक नाही. नंतर फोन एंगेजच लागत राहिला. ऑफिसातल्या ताईंनी खात्री करून घेतली आणि मालकांना सांगितलं, "व्हॉइसमेल गेलं."

मालकांनी पुण्यातल्या एका विक्रेत्याला फोन केला. कार्ड आता मिळत नाही, सगळी सिस्टिमच बदला, असं उत्तर आलं आणि संध्याकाळपर्यंत कोटेशनही आलं. हा सल्ला पूर्ण खोटा नाही. ॲनालॉग ईपीएबीएक्सची बरीच मॉडेलं खरोखरच बंद झालीत आणि सुटं कार्ड जुन्या बाजारातूनच मिळवावं लागतं. पण यंत्राला हात न लावता दिलेल्या कोटेशनवर माझा विश्वास बसत नाही. मालकांचाही बसला नाही. त्यांनी हडपसरहून एका जुन्या दुरुस्तीवाल्यांना बोलावलं. सगळे त्यांना काका म्हणतात. टेलिफोन खात्यात नसलेले, पण सी-डॉटच्या जमान्यापासून याच कामात असलेले.

तो जमाना इथं थोडक्यात सांगायला हवा. सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, म्हणजे सी-डॉट, 1984 साली स्थापन झालं. सॅम पित्रोदा हे त्यातलं ठळक नाव. खेड्यात वातानुकूलन मिळणार नाही, वीज बेभरवशाची, धूळ पुष्कळ, हे गृहीत धरून त्यांनी 128 पोर्टांचं ग्रामीण एक्स्चेंज घडवलं. पहिलं 1986 साली कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्याच घडणीचा ऑफिसांसाठीचा पीबीएक्सही होता आणि त्याची रचना अनेक भारतीय उत्पादकांना बनवायला दिली गेली. त्या उत्पादनातून देशभर दुरुस्तीवाल्यांची एक पिढी तयार झाली. तिच्याजवळ कागदावर काढलेली सर्किटं असायची आणि कानात टोन असायचे. काका त्या पिढीतले.

काकांनी डबा उघडला नाही. आधी खुर्चीत बसले.

"ताई, गेल्या महिन्याभरात इथं नवं काय आलं?"

"काहीच नाही, काका. फोनचं तर काहीच नाही."

"लाइट? इंटरनेट? रंगकाम?"

ताईंना मग आठवलं. सर्व्हिस रोडचं काम चालू असताना जेसीबीनं जुनी तांब्याची केबल तोडली होती. ती जोडायला कोणी येईना. शेवटी नंबर तोच ठेवून लाइन फायबरवर घेतली. खिडकीशी एक पांढरा डबा बसला आणि त्याच्या फोनच्या पोर्टमधून वायर काढून ईपीएबीएक्सला दिली. फोन चालू झाला, आवाज पहिल्यापेक्षा स्वच्छ झाला, सगळे खूश झाले. म्हणून ‘नवं’ या सदरात त्याची नोंदच कोणाच्या मनात नव्हती.

आता तपासणी. एक्स्टेन्शनवरून एक्स्टेन्शनला फोन लागतोय, म्हणजे डबा जिवंत. बाहेरून आलेला कॉल ऑफिसात वाजतोय, म्हणजे लाइन आणि लाइनचं पोर्ट ठीक. मग आतूनच व्हॉइसमेलचा नंबर फिरवला. कार्डानं पहिल्या रिंगला उचललं आणि पासवर्ड मागितला. ‘गेलेलं’ कार्ड असं उत्तर देत नाही. इथंच निम्मं काम झालं, कारण कोटेशनमधली सगळ्यात मोठी रक्कम या कार्डाच्या मरणावर उभी होती.

पासवर्डपाशी मात्र गाडी अडली. तो माहीत असलेला मिस्त्री कामावर गावाला गेलेला, आणि ठेवणारा, म्हणजे डबा बसवणारा, केव्हाच दुबईला गेलेला. शेवटी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेला सापडला. जुन्या मंडळींची ही सवय सुरक्षेच्या दृष्टीनं अगदी वाईट, आणि मला ती फार आवडते.

मेलबॉक्स उघडला. पहिला निरोप: टूं, टूं, टूं, टूं. पूर्ण पाच मिनिटं. दुसरा तसाच. तिसऱ्यात सुरुवातीला कोणीतरी "हां, हॅलो... मशीन आहे रे" असं म्हणालं आणि मग पुन्हा टूं टूं. काकांनी डोळे मिटून ऐकलं, कपाळाला आठी घातली आणि म्हणाले, "हा आपला टोन नाही."

इथं थोडं तांत्रिक बोलायला हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे. समोरच्यानं फोन ठेवला हे माणसाला लगेच कळतं. कार्डाला कळत नाही. साध्या ॲनालॉग लाइनवर ‘फोन ठेवला’ असं सांगणारी वेगळी तार नसते. काही ठिकाणी एक्स्चेंज क्षणभर लाइनचा वीजप्रवाह तोडून इशारा देतं, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. मग कार्ड काय करतं? लाइनवर एंगेज टोन वाजतोय का, ते ऐकत राहतं. वाजला की रेकॉर्डिंग थांबवायचं, लाइन सोडायची. त्यासाठी त्याला टोन ओळखावा लागतो आणि ते दोन गोष्टींवरून ओळखतं: आवाजाची कंपनसंख्या, आणि किती वेळ वाजला, किती वेळ थांबला.

भारताचा एंगेज टोन 400 हर्ट्झचा आहे. पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. अमेरिकेत 480 आणि 620 हर्ट्झ असे दोन सूर एकदम वाजतात, अर्धा सेकंद चालू, अर्धा बंद. युरोपात बऱ्याच देशांत 425 हर्ट्झ. माणसाला हे तिन्ही सारखेच ‘एंगेज’ वाटतात. कार्डाला वाटत नाहीत. त्याला भारताचा टोन शिकवून ठेवलेला असतो आणि त्या मापात न बसणारा कोणताही आवाज त्याच्या लेखी निरोपच.

तांब्याच्या तारेवर हा टोन एक्स्चेंजकडून यायचा, त्यामुळे तो भारतीयच असणार. फायबरच्या बाबतीत व्यवस्था वेगळी. काचेच्या धाग्यातून आवाज आकड्यांच्या रूपात येतो. डायल टोन, रिंग, एंगेज टोन हे सगळं ग्राहकाच्या खिडकीतला तो पांढरा डबा स्वतः तयार करतो. कोणत्या देशाचे टोन वाजवायचे ही त्याच्या आतली एक सेटिंग असते. काकांनी साधा फोन थेट त्या डब्याला लावला, मोबाइलवरून कॉल केला, उचलला, मोबाइल कट केला. टूं टूं सुरू झालं तसा रिसीव्हर ताईंच्या मोबाइलशी धरला. मोबाइलवर ध्वनीचा आलेख दाखवणारं फुकटचं ॲप चालू होतं. दोन शेंडे उभे राहिले, एक 480 च्या आसपास, दुसरा 620 च्या आसपास. कासुर्डीच्या खिडकीत बसून डबा अमेरिकेचा टोन वाजवत होता.

पुढचा हिशेब सोपा आहे. कार्डाची क्षमता एकूण साठ मिनिटांची. एका निरोपाची कमाल मर्यादा पाच मिनिटं. फोन कट झाल्याचं कार्डाला कळेना, म्हणून ते प्रत्येक वेळी मर्यादा गाठेपर्यंत रेकॉर्ड करत राही. असे बारा कॉल झाले की साठ मिनिटं संपली आणि ‘जागा शिल्लक नाही’ सुरू झालं. आणि लाइन एकच. ती या मुक्या टूं टूं मध्ये अडकलेली असताना दुसऱ्यानं फोन केला की त्याला एंगेज लागे. राहूच्या गुऱ्हाळवाल्यांनी सांगितलेल्या दोन्ही तक्रारी अक्षरशः खऱ्या होत्या. आणि साठ मिनिटं म्हणजे तरी किती? टेलिफोनचा आवाज सेकंदाला 64 हजार बिट या दरानं न दाबता साठवला तर तासभराचा ऐवज 29 एमबीच्या आत बसतो. आज मोबाइलमधली दोन मिनिटांची चित्रफीत याहून जास्त जागा खाते.

बारा कॉल एका रात्रीत का व्हावेत, हा प्रश्न मला काकांपेक्षा जास्त छळत राहिला, कारण मेलबॉक्समधल्या बहुतेक कॉलमध्ये निरोपच नव्हता. लोक मशीनचा आवाज ऐकून फोन ठेवत होते, पुन्हा लावत होते, पुन्हा ठेवत होते. याचं मूळ आपल्या फोनच्या सवयीत आहे. व्हॉइसमेलचा धंदा उभा केला गॉर्डन मॅथ्यूज या अमेरिकी उद्योजकानं. 1979 साली त्यानं टेक्सासमध्ये कंपनी काढून पेटंटचा अर्ज केला, पहिली यंत्रणा थ्री-एम कंपनीला विकली आणि पेटंट 1 फेब्रुवारी 1983 रोजी मिळालं. तिथल्या ऑफिसांत टेबलावरचा माणूस जागेवर नसणं ही अडचण होती आणि यंत्राशी बोलायला तिथला कर्मचारी लवकर सरावला. आपल्याकडे 1992 साली सरकारनं पेजिंग, ई-मेल, मोबाइल यांच्याबरोबर व्हॉइसमेलची सेवाही खासगी कंपन्यांना खुली केली. पण सेवा रुजायच्या आत हिशेब बदलला. 1 मे 2003 पासून मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला आणि पैसे फक्त करणाऱ्याला पडू लागले. मिस्ड कॉल हा त्या हिशेबातून निघालेला शहाणपणा. रिंग द्यायची, उचलायच्या आत कट करायचं, खर्च शून्य. समोरच्याला काय ते कळतं. मशीननं फोन उचलला की मात्र पैसे लागले आणि माणूसही भेटला नाही. मग कोण थांबून बोलणार? आज बोलण्याचे पैसे वेगळे मोजले जात नाहीत, तरी हात सवयीनं लाल बटणाकडे जातोच. आणि 2013 साली व्हॉट्सॲपवर आवाजाचे निरोप आले तेव्हा मशीनशी बोलायला लाजणारी हीच मंडळी तीन-तीन मिनिटांचे निरोप धाडू लागली. तिथं समोर माणसाचा फोटो दिसतो, एवढाच काय तो फरक असावा असं मला वाटतं.

या सवयीचा आणि त्या परक्या टोनचा असा मेळ बसला. अमेरिकेत लोक निरोप ठेवतात, तिथं मेलबॉक्स भरला तरी त्यात थोडंफार बोलणं सापडलं असतं. आपल्याकडे कट करणारे जास्त, म्हणून कार्डाच्या वाट्याला निव्वळ टूं टूं आलं.

उपाय दोन होते, दोन्ही केले. काकांनी ईपीएबीएक्सच्या प्रोग्रामिंगमध्ये जाऊन निरोपाची मर्यादा पाच मिनिटांवरून एका मिनिटावर आणली. "चरक कुठला, गाव कुठलं, काय मोडलं, एवढं सांगायला मिनिट पुष्कळ झालं," असं त्यांचं म्हणणं. मेलबॉक्स रिकामा केला. मग फायबर देणाऱ्या कंपनीला फोन. डब्यातली आवाजाची सेटिंग ग्राहकाला दिसत नाही, ती कंपनीच्या हातात असते. फोन उचलणाऱ्या मुलीला ‘टोन’ म्हणजे कॉलर ट्यून वाटली आणि तिनं गाणं बदलण्याची पद्धत समजावून सांगितली. चूक तिची नाही. तिच्या पडद्यावर या तक्रारीला रकानाच नसणार. फोन वरच्या इंजिनिअरकडे पोचला तेव्हा काकांनी नेमक्या शब्दांत सांगितलं: "व्हॉइस प्रोफाइलमध्ये देश अमेरिका आहे, तो भारत करा." त्यानं बसल्या जागेवरून बदल केला, डबा बंद-चालू झाला. पुन्हा साधा फोन, पुन्हा मोबाइल, पुन्हा ॲप. आता एकच शेंडा, 400 वर. कार्डानं काही सेकंदांत लाइन सोडली.

हकिगत इथं संपायला हवी होती. संपली नाही. दुसऱ्याच दिवशी ताईंचा फोन: रात्री व्हॉइसमेलनं उचललंच नाही, आणि सकाळी ऑफिस उघडल्यावर मात्र उचलायला लागलं.

लाइन बदलण्याशी याचा संबंध नव्हता. हे दुसरं दुखणं पहिल्याच्या आड लपलेलं होतं. ऑफिसात माणसं असताना कॉल टेबलावर वाजावा आणि संध्याकाळी सातनंतर कार्डाकडे जावा, अशी दिवस-रात्रीची अदलाबदल डबा स्वतःच्या घड्याळाप्रमाणे करतो. कार्डाचा मेलबॉक्स रिकामा केला त्याच रात्री वीज गेली, यूपीएसची बॅटरी जुनी असल्यानं डबा बंद पडला आणि वीज आल्यावर घड्याळ पहिल्यापासून सुरू झालं. त्याच्या मते रात्र होती तेव्हा बाहेर दिवस होता. घड्याळ चालू ठेवणारी बटणासारखी लिथियमची बॅटरी, सीआर 2032, तीन व्होल्टची. मीटर लावला तर दीड व्होल्टही भरेना.

ही बॅटरी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळते आणि ती बदलताना भल्याभल्यांचा घात होतो. पुष्कळ जुन्या डब्यांत सगळं प्रोग्रामिंगही याच बॅटरीच्या आधारानं टिकून असतं. वीज बंद करून बॅटरी काढली की घड्याळाबरोबर एक्स्टेन्शनचे नंबर, रात्रीची वेळ, निरोपाची मर्यादा, सगळं पुसलं जातं आणि डबा कारखान्यातून आला तसा कोरा होतो. म्हणून आधी प्रोग्रामिंग संगणकावर किंवा निदान वहीत उतरवून घ्यायचं आणि मगच बॅटरीला हात लावायचा. काकांनी वही मागितली. ताईंनी ऊस पुरवठ्याच्या नोंदींची वही पुढे केली, तिच्या शेवटच्या पानांवर सगळं उतरवलं गेलं. बॅटरी बदलली, वेळ लावली, यूपीएसला नवी बॅटरी सांगितली.

जाता जाता त्यांनी डब्याच्या खालची अर्थिंगची हिरवी तार हातानं हलवून पाहिली. ती भिंतीतून बाहेर जाऊन मातीवर नुसती लोळत होती. वळवाच्या पावसात वीज पडली की असल्या तारेचा काही उपयोग होत नाही. लाइनमधून आलेला झटका थेट पोर्टात शिरतो, आणि मग मात्र कार्ड खरोखरच जातं. खड्डा करून, कोळसा-मीठ घालून नवी अर्थिंग करा, हे त्यांनी मालकांना बजावून सांगितलं. मालक "हंगाम झाला की करू" म्हणाले. हे वाक्य या पट्ट्यात लग्नापासून गटारीपर्यंत सगळ्याच कामांना लागू आहे.

एकूण खर्च काकांच्या मजुरीचा आणि त्या दोन बॅटऱ्यांचा झाला. विक्रेत्याच्या कोटेशनशी त्याची तुलना करत नाही. मालकांनी ते कोटेशन मला दाखवलं, पण छापायला दिलं नाही.

कासुर्डीतच नव्हे, तांब्याची तार निघून फायबर आलेल्या कोणत्याही लहान ऑफिसात, दवाखान्यात, सोसायटीच्या गेटवर हे घडू शकतं, आणि ते घडलंय हे बहुधा ग्राहकाच्या रागावण्यातूनच कळतं. आपल्याकडे भिंतीवर असा डबा असेल तर दिवाळीच्या सुट्टीसाठी कुलूप लावण्यापूर्वी एवढं करा. आपल्याच मोबाइलवरून ऑफिसच्या नंबरवर फोन लावा, मशीनला दोन वाक्यं सांगा, फोन ठेवा आणि मग तो निरोप शेवटपर्यंत ऐका. आपल्या बोलण्यानंतर टूं टूं चालूच राहिलं, तर कार्ड बदलू नका. लाइन देणाऱ्याला फोन करून देशाची सेटिंग विचारा. आणि पासवर्ड झाकणाच्या आत नसला तरी चालेल, पण कुठल्यातरी वहीत लिहून ठेवा.